एकोणपन्नास आंधळे साप

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी! आता तुम्हीच सांगा, ही काय वेळ झाली कुणाला सापाचा डोळा आठवायची? रालीचा एक बूट माझ्या हातात, दुसरा सोफ्याखाली, राली स्वतः टेबलाखाली, माझ्या दातांत दोन टाचण्या, गॅसवर दूध चढलेलं, आणि फोन वाजतोय. वाजतोय म्हणजे काय, थांबायचं नावच नाही! मला वाटलं जर्मनीहून क्रासीचा असणार, त्याचा ट्रक बिघडला असणार, नाहीतर उलटलाच असणार... माझं डोकं हे असं चालतं, तुम्हाला सांगते, फोन वाजला की आधी नवऱ्याचा ट्रक उलटतो आणि मग मी फोन उचलते. तर फोनवर कोण? रुम्याना! आमच्या गावच्या मेडिकल कॉलेजात डीनसाहेबांच्या खोलीबाहेर बसते ती.

"देनित्सा, साप झाले का गं?"

म्हटलं, "झाले. साठच्या साठ झाले. काल संध्याकाळीच शेवटचा कोट इस्त्री करून टांगला."

"गुणाची गं माझी! आता त्यांना डोळे घाल."

मी टाचण्या गिळल्याच असत्या! म्हटलं, "कसले डोळे? चित्रात डोळा नव्हता!"

"नव्हता. आता आहे. काल समितीची बैठक झाली. उद्या अकराला समारंभ, त्याच्या आत हवेत. आणि अगं, साप बाजूनं दिसतो, एकाला एकच डोळा. साठच होतात. समोरून असता तर एकशे वीस झाले असते!"

म्हणजे मी वर उपकार मानायचे!

मी म्हटलं, "अगं पण खिशावरचा एवढासा साप, बोटाएवढा, त्याचा डोळा कोण बघणार आहे?" तर तिचा आवाज एकदम खाली आला, देवळात बोलतात तसा. म्हणाली, "देनित्सा, प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो."

प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो म्हणे! हे वाक्य मी आठ महिने ऐकतेय हो. या कॉलेजाचं जुनं बोधचिन्ह होतं, म्हणजे दारावर, कागदावर, कोटावर असतं ते चित्र, त्यात नुसता एक दिवा होता. पन्नास वर्षं तो दिवा कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग प्रोफेसर बाकालोव डीन झाले आणि त्यांना वाटलं, दिव्यात काही दम नाही. झाली समिती स्थापन! दातवाले म्हणाले, चित्रात दात हवा. सुईणींचा वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, करकोचा हवा, पोरं तोच आणून देतो म्हणतात आमच्याकडं, तुम्ही काय दातानं आणता? मालिशवाल्यांना हात हवा होता. औषधवाल्यांनी खलबत्ता धरला तो सोडेचनात. मला हे सगळं कसं माहीत? मी कॉलेजच्या मागच्या गल्लीत बसते ना, बेकरीच्या शेजारच्या खोलीत, शिवणकाम करते. डॉक्टर झालेला माणूससुद्धा पँट आखूड करायला माझ्याकडेच येतो, आणि स्टुलावर उभं करून खाली टाचण्या लावायला लागलं ना, की मोठमोठे प्रोफेसर भडाभडा बोलतात. जागचं हलता येत नाही, दुसरं करणार काय!

शेवटी ठरलं काय, तर एक पसरट वाडगा, त्याच्याभोवती साप, आणि खाली गुलाबाची फांदी. आणि सोबत चार पानी कागद! चार पानं! वाडगा म्हणजे ज्ञान. सापाचे साडेतीन वेढे म्हणजे शिक्षणाची साडेतीन वर्षं. गुलाब म्हणजे करुणा. काटे म्हणजे परीक्षा. पानं पाच, म्हणजे पाच विभाग, त्यातलं एक पान जरा लहान आलं तर दातवाले तीन आठवडे बाकालोवांशी बोलत नव्हते! तो कागद रुम्यानानं मला दिला, म्हणाली, वाच, म्हणजे मनापासून शिवशील. मी दोनदा वाचला. साडेतीन वेढे मशीनवर घेताना प्रत्येक वेढ्याला धागा तुटतो, त्याचा अर्थ काय, ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

आमच्या सासूबाईंनी, त्सोना त्यांचं नाव, तो कागद बघितलाही नाही. नुसतं चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "दही खातोय होय साप? खाऊ दे बिचाऱ्याला." म्हटलं, "अहो आई, तो वाडगा म्हणजे ज्ञान आहे." तर म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या उंबऱ्याखाली घराचा राखणदार साप होता, त्याला माझी आई असल्याच वाडग्यात दूध ठेवायची. ज्ञान ठेवलं असतं तर तो फिरकला नसता." संपलं! चार पानं एका वाक्यात!

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढी कुरकुर करतेस तर ते काम घेतलंस कशाला? सांगते ना. रालीसाठी घेतलं.

राली माझी मुलगी. तीन वर्षं तीन महिने. गेल्या ऑगस्टमध्ये नदीवर गेलो होतो, तिथं क्रासीनं तिचा फोटो काढला, हातात टरबुजाची फोड, हनुवटीवरून लाल पाणी, इतका गोड फोटो... आणि मी बघतेय तर तिचा उजवा डोळा नाकाकडं वळलेला. मी म्हटलं, "क्रासी, हे बघ." तो म्हणाला, "ऊन होतं." दुसरा फोटो काढला, सावलीत. त्यातही तसाच. मग मी दिवसभर तिच्याकडंच बघत बसायला लागले. जेवताना बघ, झोपताना बघ. बघून बघून मला सगळ्यांचेच डोळे वाकडे दिसायला लागले, बेकरीवाल्याचा, बस ड्रायव्हरचा, चर्चमध्ये भिंतीवरच्या संतांचा सुद्धा! शेजारीण म्हणाली, मोठी झाली की जाईल. सासूबाईंनी तीनदा थू थू केलं, मनगटाला लाल दोरा बांधला, म्हणाल्या दृष्ट आहे. मी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला, तिथली मुलगी म्हणाली, "लहान मुलांचे डोळे डॉक्टर चाउशेवा बघतात. एकोणीस फेब्रुवारी." ऑगस्टमध्ये सांगतेय, फेब्रुवारी! मी म्हटलं, "ताई, तोवर डोळा थांबेल का हो?" ती म्हणाली, "पुढचा फोन."

आणि त्याच आठवड्यात रुम्याना आली कोट घेऊन. दुसऱ्या कुणी एवढ्या घाईत काम घ्यायला तयार नव्हतं. म्हणाली, "देनित्सा, तू हे वेळेत आणि नीट करून दे, समारंभाला चाउशेवा पहिल्या रांगेत असते, मी स्वतः हाताला धरून तुला तिच्यापुढं उभी करते. दोन मिनिटं. पण नीट हं! बाकालोवसाहेब एका चुकीच्या टाक्यासाठी माझं डोकं खातात."

दोन मिनिटं हो! त्या दोन मिनिटांसाठी मी साठ वाडगे, साठ साप, साठ गुलाब शिवले, आणि काटे किती ते मोजलेच नाहीत. मग सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कुणी डोळा मागितला तर नाही म्हणायची माझी काय छाती?

राली पाळणाघरात गेली नाही, कारण दुसरा बूट सापडलाच नाही. तिला पायाशी बसवली, बटणांचा डबा दिला, आणि लागले कामाला. पिवळा धागा, सुईला तीन वेढे, खाली खेचायचा, गाठ. मसुराएवढा डोळा. मशीनवर होत नाही, हातानंच करावा लागतो. एक, दोन, तीन... आणि खरं सांगू का, मला कबूल करायला लाज वाटते, पण डोळा आल्यावर साप एकदम जिवंत झाला! आधी नुसती दोरी गुंडाळल्यासारखी होती, आता बघायला लागला. मी म्हटलं, समितीला तरी एवढी अक्कल कुठून आली? अकरा झाले. बाराव्याला सुई लावली, आणि दारात सासूबाई.

कशा? तर डोळे मिटलेले! एका हातात चिखलाचा गोळा, दुसरा हात भिंतीला, चाचपडत चाचपडत आत येतायत. आणि माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली. त्या दिवशी तारीख होती सत्तावीस ऑक्टोबर. उंदरांचा दिवस! मी साफ विसरले होते. आता आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळ्यात मोठी बाई डोळे मिटून चुलीपाशी चिखल लिंपते, दुसरीनं विचारायचं, काय लिंपतेस, तिनं सांगायचं, उंदरांचे डोळे लिंपते. म्हणजे वर्षभर उंदराला धान्य दिसत नाही, कपडा दिसत नाही. आणि त्या दिवशी बाकी कुणी सुईला हात लावायचा नाही. आजकाल कोण पाळतं? कुणी नाही. सासूबाई पाळतात.

"विचार," म्हणाल्या.

मी सुई मांडीखाली सरकवली. "काय लिंपता आई?"

"उंदरांचे डोळे लिंपते." आणि चिखल लावला माझ्या खोलीतल्या हीटरला! चूल नाही ना खोलीत. मग डोळे उघडले, आणि पहिली नजर कुठं? माझ्या मांडीवर. कोट, पिवळा धागा, आणि मांडीखालून सुई मला अशी टोचतेय की मी रडवेली.

"काय करतेस गं?"

"काही नाही."

"देनित्सा, काय करतेस?"

"डोळे शिवतेय," म्हटलं. खोटं बोलायला सुचलंच नाही.

बाई मटकन खालीच बसल्या! म्हणाल्या, "आज? आज डोळे शिवतेस? अगं, आजच्या दिवशी सुई जिथं लागेल ते मिटतं! आणि पोरीचा डोळा आधीच तसा, आणि ती तुझ्या पायाशी बसलीय!"

म्हटलं, "आई, मी मिटत नाहीये, उघडे डोळे शिवतेय. उलट सापाला दृष्टी देतेय."

"सुईला काय कळतं, तू उघडा शिवतेस का मिटलेला? सुई ती सुई."

आता तुम्ही हसाल. हसा. मीपण एरवी हसते. पण तुमच्या मुलीचा डोळा फोटोत नाकाकडं वळलेला असू दे, दवाखाना फेब्रुवारी म्हणू दे, आणि मग सांगा तुमचा हात चालतो का ते! मी म्हटलं, हे सगळं वेडेपण आहे, आणि सुई घेतली. खाली बघितलं तर राली बटणं उचलून अगदी नाकाजवळ नेऊन बघतेय... डावीकडं मान करून... मला शिवताच येईना हो. एकीकडं ती दोन मिनिटं, एकीकडं हा दिवस. कोट नीट झाले नाहीत तर रुम्याना मला चाउशेवाबाईंपुढं उभी करायची नाही. आणि शिवले, आणि उद्या राली उठली आणि डोळा... नाही! नाही शिवले. एकोणपन्नास सापांना डोळे नाहीत. मी माझ्या मनाला सांगितलं, मसुराएवढी गाठ, कोण बघणार? बाकालोवांना स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडत नाही, ते साप काय बघणार!

प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो म्हणे. माझ्या सुईला त्या दिवशी दोन अर्थ होते आणि दोन्ही माझ्याच गळ्याशी आले होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समारंभ. मी रालीला लाल फ्रॉक घातला, सासूबाई बोलावणं नसताना आल्या, काळी शाल, हातात बानित्साचा डबा, म्हणजे पनीर भरून भाजलेल्या पापुद्र्यांचा, फडक्यात बांधलेला, कारण डॉक्टरीणबाईंपुढं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणे. आम्हाला दुसऱ्या रांगेत कडेला जागा. समोर स्टेजखाली अठ्ठावन्न विद्यार्थी, पांढरे कोट, तीन ओळी, एवढे देखणे दिसत होते, मला क्षणभर अभिमानच वाटला. मग ते एकोणपन्नास आठवले. पहिल्या रांगेत चाउशेवाबाई. ठेंगण्या, पिकलेले केस, अंगावर माझाच कोट (उरलेल्या दोनातला एक त्यांना, एक बाकालोवांना), पायांत चक्क खेळायचे बूट.

बाकालोवांनी माईक घेतला. आणि सुरू! वाडगा म्हणजे ज्ञान. साडेतीन वेढे. गुलाब. काटे. पाच पानं, "पाचही समान!", दातवाल्यांकडं बघून. मी मनात म्हणतेय, संपवा हो, संपवा, डोळ्यापर्यंत जाऊ नका. पण जाणारच ना! त्या डोळ्यासाठीच तर बैठक झाली होती! म्हणाले, "आणि सर्वांत महत्त्वाचा, मित्रहो, डोळा! सापाला पापणी नसते. सापाचा डोळा कधी मिटत नाही. तसाच वैद्याचा डोळा. छातीवरच्या या डोळ्याकडे पाहा! त्याच्या नजरेतून काही सुटत नाही!"

टाळ्या! तीनशे माणसं टाळ्या वाजवतायत, प्रोफेसर, डॉक्टर, महापौर, आईबाप, सगळे त्या छात्यांकडं बघतायत, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही! डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्यांची ही सभा! मी सुटकेचा श्वास घेतला, आणि टाळ्या थांबल्या, आणि त्या शांततेत माझ्या मांडीवरून, खणखणीत आवाजात:

"आई, या दादाच्या सापाला डोळा नाही!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ती चावली.

"याला पण नाही! त्या ताईच्या सापाला आहे. याला नाही. याला नाही. त्याला आहे!"

काय सांगू तुम्हाला! तीनशे माना वळल्या. आधी रालीकडं, मग कोटांकडं. सगळे विद्यार्थी हनुवट्या छातीला लावून आपापला साप बघायला लागले. महापौरांनी वाकून बघितलं. बाकालोवांनी स्वतःचा खिसा बघितला, आंधळा! माझ्याच नशिबानं त्यांना आंधळा कोट गेला होता! आणि रुम्यानानं माझ्याकडं जे बघितलं ना... मी म्हटलं, गेली. गेली दोन मिनिटं. आता फेब्रुवारी. सासूबाई पुटपुटल्या, "पोरीला नजर आहे हो." म्हटलं, "आई, गप्प बसा."

आणि चाउशेवाबाई उठल्या. मला वाटलं रागावून निघाल्या. त्या सरळ आमच्याकडं आल्या, ते खेळायचे बूट चुक् चुक् वाजवत, रालीपुढं गुडघ्यावर बसल्या, आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. नुसत्या बघत. मग म्हणाल्या, "तुझं नाव काय गं?"

"राली. तुझ्या सापाला पण डोळा नाही."

"नाही ना? बरं झालं तू सांगितलंस. आपण एक खेळ खेळू या का?" आणि त्यांनी रालीला उचललं, विद्यार्थ्यांच्या पहिल्या ओळीपासून चार पावलांवर उभं केलं, आणि आपला तळवा तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. बाकालोव माईकमध्ये म्हणाले, "डॉक्टर, कार्यक्रम..." त्या म्हणाल्या, "एक मिनिट, साहेब." वळूनसुद्धा बघितलं नाही!

"आता सांग. याच्या सापाला?"

"नाही."

"हिच्या?"

"आहे. पिवळा."

"मागच्या ओळीतल्या त्या उंच दादाच्या? दादा, जरा बाजूला हो. हां, त्याच्या?"

"नाही. त्याचं बटण पण तुटलंय."

लोक हसले. मी पण हसले हो! मला वाटलं, दिसतंय, सगळं दिसतंय, उगाच जीव काढला मी. मग बाईंनी तळवा उचलला आणि डाव्या डोळ्यावर ठेवला.

"आता? याच्या सापाला डोळा आहे?"

राली बोलेना. मान इकडं केली, तिकडं केली. बाईंचा हात ढकलायला लागली.

"राली, साप दिसतो का?"

"साप नाही."

"मग काय आहे?"

"पांढरं पांढरं आहे," राली म्हणाली. आणि रडायला लागली.

पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही. कुणी हसत नव्हतं एवढं आठवतं. तो उंच मुलगा पहिल्या ओळीत येऊन दोन पावलांवर खाली बसला होता, आपला खिसा पुढं करून, आणि राली त्याच्या खिशाकडं बघून म्हणत होती, पांढरं. मी कधी उठले, कधी तिला घेतलं, माहीत नाही. बाईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "आई ना तुम्ही? ऐका नीट. रडायचं ते नंतर. हा डोळा आंधळा नाही. आळशी आहे. सगळं काम दुसरा डोळा करतो, म्हणून हा बघायचंच शिकला नाही. सोमवारी सकाळी आठला घेऊन या, थेंब घालून नीट तपासते. चष्मा लागेल. आणि चांगला डोळा रोज चार तास झाकायचा, म्हणजे हा शिकेल."

म्हटलं, "फेब्रुवारीत नंबर आहे."

"कुणी दिला फेब्रुवारी?" म्हणाल्या, आणि अशा आवाजात म्हणाल्या की मला त्या फोनवरच्या मुलीचीच दया आली. मग हळूच म्हणाल्या, "आत्ता तीन वर्षांची आहे, भरपूर वेळ आहे. शाळेत जाईपर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते."

सासूबाई मध्ये पडल्या, "चांगला डोळा झाकायचा? वाईट सोडून चांगला? ही कसली डॉक्टरी?"

बाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या घरात कामाचा माणूस कोण?"

"मी!"

"तुम्ही आठ दिवस माहेरी गेलात तर?"

सासूबाईंनी विचार केला. "तर माझा म्हातारा स्वतःच्या हातानं अंडं उकडेल," म्हणाल्या. "कच्चं राहील. पण उकडेल." आणि बानित्साचा डबा बाईंच्या हातात दिला. पटलं!

इकडं बाकालोव माईक धरून उभेच. घाम पुसला, खाकरले, माईकनं शिट्टी मारली. मी म्हटलं, आता माझं नाव घेणार. तोंड उघडून सांगणारच होते, साहेब, माझी चूक, उंदरांचा दिवस होता... तेवढ्यात रुम्यानानं मला असा चिमटा काढला, अजून काळंनिळं आहे. "गप्प बस!"

आणि साहेब म्हणाले, "मित्रहो! आपल्या लक्षात आलंच असेल, की काही सापांना डोळा नाही. हे... हे हेतुपुरस्सर आहे! डोळा आयता मिळत नाही. डोळा कमवावा लागतो! ज्या दिवशी तुम्ही शेवटची परीक्षा पास व्हाल, त्या दिवशी तुमच्या सापाला डोळा शिवला जाईल!"

टाळ्या! पुन्हा टाळ्या! महापौर तर उभे राहिले! मागून कुणी तरी ओरडलं, "मग त्या अकरांचं काय?" साहेब म्हणाले, "ते अकरा... बाकीच्यांना आठवण राहावी म्हणून!"

प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो म्हणे! त्या कागदाची चार पानांची पाच पानं झाली. आणि त्या अकरांची चाल बदलली हो! त्यातला एक तर दोनदा नापास झालेला, तो आता खिसा पुढं काढून बेकरीत येतो. आणि वर्गात पहिली येणारी बोरियाना नावाची मुलगी, तिचा साप आंधळा, ती माझ्या दारात येऊन डोळे पुसत उभी. "काकू, माझ्यात काय कमी आहे?" काय सांगू तिला? म्हटलं, "बाळा, तुझ्यात काही कमी नाही. तू बारावी होतीस एवढंच."

असो. सोमवारी गेलो, थेंब घातले, चष्मा झाला, आणि पट्ट्या मिळाल्या. निळ्या, चिकटणाऱ्या, डाव्या डोळ्यावर लावायच्या. रोज चार तास. मला वाटलं, आता संपलं, आता काय, पट्टी तर लावायची! आई गं... तीन वर्षांच्या पोरीचा चांगला डोळा झाकून बघा एकदा! पहिल्या दिवशी ती दाराला धडकली. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "आई, दिवा लाव," आणि बाहेर लख्ख ऊन होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तोंड धुऊन बाहेर आले, म्हटलं, "लावते हं." तिसऱ्या दिवशी ती शिकली. बघायला नव्हे, पट्टी काढायला! मी सुईत दोरा ओवेपर्यंत पट्टी गायब. आणि काढून टाकत नाही ती, चिकटवते. बाहुलीला. मांजराला. आजोबांच्या टकलावर, ते तसेच कॉफी प्यायला चौकात जाऊन आले. बसच्या खिडकीला. परवा पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला वाकले, त्यांच्या दाढीला.

आणि काल... काल मी कॉलेजात पडदे द्यायला गेले, हिला घेऊन. दाराशी ते नवं पितळी बोधचिन्ह बसवलंय, ताटाएवढं, खाली, पायरीच्या उंचीला. मी रुम्यानाशी दोन शब्द बोलले असेन, फार तर चार. आज सकाळी तिथून जाते तर पंधरावीस विद्यार्थी गोळा झालेले, सापाच्या डोळ्यावर रालीची निळी पट्टी, आणि एक जण वहीत लिहून घेतोय! एक म्हणतो, हा न्यायाचा डोळा आहे, म्हणून झाकलाय. दुसरी म्हणते, नाही, ही वैद्याची गुप्तता. मी वाट काढत पुढं झाले, पट्टी काढायला हात घातला, तर पहारेकरी धावत आला, "बाई, हात लावू नका! साहेबांनी बघितलीय. संध्याकाळी बैठक आहे."

मी हात मागं घेतला. रालीकडं बघितलं, तर ती दोन्ही डोळे उघडे टाकून झाडावरचा पक्षी बघत होती, आणि कोणत्या डोळ्यानं बघत होती ते सांगायला मला चाउशेवाबाई लागल्या नाहीत.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. गावात कुठंही, पुतळ्यावर, पाटीवर, कुणाच्या पाठीवर, निळी पट्टी चिकटलेली दिसली, तर थांबून विचार करू नका. प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो म्हणतात ना, तर तिचा एकच अर्थ आहे: माझी पोरगी आत्ता या क्षणी चांगल्या डोळ्यानं बघतेय आणि तिचे चार तास पहिल्यापासून मोजायचेत. तेवढा निरोप बेकरीच्या शेजारच्या खोलीत धाडा. आणि पुढच्या माणसालाही सांगा... समितीला कळायच्या आत.